चाळीस पोशाख आणि एक गाउन

हत्तीच्या पार्श्वभागावर जो राठ केस उगवतो त्याला इंग्रजीत ‘ड्यूड’ म्हणतात, ही माहिती ज्याला कॉलेजच्या कट्ट्यावर कोणी दिली नाही त्याचं शिक्षण अपुरं राहिलं असं समजायला हरकत नाही. माहिती देणारा नेहमी गंभीर चेहऱ्याचा असतो. ‘विश्वास नसेल तर डिक्शनरीत बघ’ असंही तो बजावतो, कारण कोणी बघणार नाही याची त्याला खात्री असते. मला वाटायचं हा आपल्याच मातीतला माल. पण अमेरिकेतली शाळकरी पोरंही पिढ्यानपिढ्या हाच हत्ती हाकत आली आहेत. त्यांच्याकडे तर तो केस चिघळलेलाही असतो. केस चिघळतो कसा हे विचारायचं नसतं.

हत्ती निर्दोष आहे. या शब्दाचा जन्म जंगलात न होता न्यूयॉर्कच्या फॅशनेबल रस्त्यावर झाला, आणि त्याची पहिली ठळक नोंदही सापडते. १८८३ सालच्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात रॉबर्ट सेल हिल नावाच्या गृहस्थांनी ‘ड्यूड’चा इतिहास सांगणारी एक विनोदी कविता छापली. शहरात तेव्हा नव्यानेच दिसू लागलेल्या एका प्राण्याची ती टर होती. त्या वर्षीची व्यंगचित्रं पाहिली की हा प्राणी लांबूनही ओळखू येतो. विजार इतकी घट्ट, की खुर्ची दिसली तरी बसावं की नाही याचा आधी विचार करावा लागावा. कॉलर इतकी उंच, की कोणी हाक मारली तर मान वळवण्याऐवजी सगळा माणूसच वळवावा लागावा. हातात काठी, जिचा चालण्याशी संबंध नाही. एका डोळ्याला काच, जिचा दिसण्याशी संबंध आहे पण बघण्याशी नाही. जन्म न्यूयॉर्कचा, आणि उच्चार मात्र लंडनहून बोटीने मागवलेले. नुकताच ऑस्कर वाइल्ड वर्षभर अमेरिकेत व्याख्यानं देत, मखमली कोट आणि गुडघ्यापर्यंतची विजार मिरवत हिंडून परत गेला होता. तो गेला, पण त्याची साथ मागे राहिली.

आपल्या भाषेत या मंडळींना गुलछबू म्हणता आलं असतं, छेलबटाऊही चाललं असतं. इंग्रजीत ‘डँडी’ होताच. पण वर्तमानपत्रांना नवा शब्द हवा होता आणि तो बघता बघता देशभर पसरला. आला कुठून, यावर बॅरी पॉपिक आणि जेरल्ड कोहेन या दोन संशोधकांनी वर्षानुवर्षं जुन्या वर्तमानपत्रांची धूळ खाल्ली. एका चार अक्षरी टवाळ शब्दासाठी दोन प्रौढ माणसं इतकी झटतात, हे वाचून मला त्यांच्या घरच्यांविषयी फार आदर वाटला. त्यांचं म्हणणं असं की ‘ड्यूड’ हे ‘यँकी डूडल’मधल्या ‘डूडल’चं लाडकं रूप आहे. त्या जुन्या गाण्यातला गावंढळ यँकी टोपीत नुसतं एक पीस खोचतो आणि स्वतःला ‘मॅकरोनी’ समजू लागतो. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये मॅकरोनी म्हणजे इटलीपर्यंतची सफर करून आलेला छानछोकीवाला तरुण. त्या शेवयांशी त्याचा संबंध इतकाच, की त्या आपल्याला किती आवडतात हे तो भेटेल त्याला सांगत असे. असे लोक पुढे परदेशवारीच्या फोटोंच्या रूपाने आपल्याही वाट्याला आले.

ड्यूड मंडळींचा राजा होता इव्हँडर बेरी वॉल. ‘किंग ऑफ द ड्यूड्स’ ही त्याची पदवी वर्तमानपत्रांनी दिलेली होती आणि ती त्याने मनापासून स्वीकारली होती. १८८८ साली साराटोगा या हवा खाण्याच्या ठिकाणी त्याने एक पैज जिंकल्याचं सांगतात: न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत चाळीस वेळा कपडे बदलण्याची. मी हिशेब करून पाहिला. बारा तास धरले तरी दर अठरा मिनिटांना एक नवा पोशाख. त्या काळच्या शर्टाच्या बटणांची संख्या लक्षात घेतली तर शेवटचं बटण लागेपर्यंत पहिलं सोडायची वेळ होत असणार. त्यातून लोकांना तो पोशाख दाखवायलाही हवा, म्हणजे खोलीतून खाली, व्हरांड्यात एक फेरी आणि पुन्हा वर. फॅशन म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो तो व्यायामाचा प्रकार होता. पैज लावणारा जॉन गेट्स हाही एक नमुनाच. पैजांच्या नादापायी लोक त्याला ‘बेट-अ-मिलियन’ म्हणूनच ओळखत.

हा वॉल पुढे पॅरिसला जाऊन राहिला. न्यूयॉर्क आता सभ्य माणसाच्या राहण्यासारखं उरलं नाही असं त्याचं मत होतं. तिथे त्याच्यासोबत त्याचा चाऊ जातीचा कुत्राही बाहेर जेवायला जाई, आणि कुत्र्याच्या गळ्यात मालकासारखीच कॉलर आणि टाय असे. दोघांचा शिंपी एकच. कुत्र्याला कोणी ‘ड्यूड’ म्हटल्याची नोंद मला मिळाली नाही, पण त्याच्याइतका लायक उमेदवार दुसरा कोण होता?

वॉल अजून न्यूयॉर्कमध्ये मिरवत होता त्या काळातच ही पदवी आणखी एका माणसाला चिकटत होती, आणि त्याला ती अजिबात आवडत नव्हती. थिओडोर रूझवेल्ट १८८२ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत दाखल झाले तेव्हा तेविशीचे होते. झकपक कपडे, सोन्याची साखळी लावलेला चश्मा, आणि भर सभागृहात पट्टी सोडून वर जाणारा आवाज. सहकाऱ्यांनी टोपणनावांची रांगच लावली. ‘आमचा ऑस्कर वाइल्ड’ हे त्यातल्या त्यात सोज्वळ. दोन वर्षांनी आई आणि पत्नी एकाच दिवशी गेल्या आणि हा माणूस शहर सोडून डाकोटाच्या माळावर गुरं पाळायला गेला. तिथे हरणाच्या कातड्याचा झालरी लावलेला सूट शिवून घेतला आणि कमरेला शिकारीचा सुरा खोचला. सुरा चांदीच्या मुठीचा, टिफनीच्या पेढीवरचा. म्हणजे रानात जायचं तर रानटी दिसावं, पण दागिना म्हणून दाखवता येईल असा रानटी.

माळावरच्या गुराख्यांनी त्यांचं जे काय केलं असेल त्याची आपण कल्पना करू शकतो. एक किस्सा तिथे बरीच वर्षं चघळला गेला. गुरं वळवताना रूझवेल्टसाहेबांनी एका गड्याला जो हुकूम सोडला, तो ऐकून सगळे खोगिरावरून खाली पडायचे बाकी राहिले. मराठीत सांगायचं तर साहेब ओरडले, ‘त्वरेने पुढे अग्रेसर व्हा!’ पुढे दारूच्या गुत्त्यात ही आरोळी ठोकून ड्रिंक मागवण्याची टूम निघाली म्हणतात. पण साहेब टिकले. १८८६ मध्ये त्यांची बोट चोरणाऱ्या तिघांचा त्यांनी बर्फाळ नदीतून पाठलाग केला, तिघांना धरलं, गाडीत घातलं आणि स्वतः मागून कित्येक मैल चालत तुरुंगापर्यंत नेलं. पहारा देताना झोप लागू नये म्हणून ते वाचत काय होते, तर टॉलस्टॉयची ‘अ‍ॅना कॅरेनिना’. चोरांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. थंडी हाडात शिरलीय, मागे बंदूक आहे, आणि बंदूकवाला मधेच पान उलटतोय. ड्यूडपणा हाडीमाशी मुरलेला असतो तो असा.

इथे शब्दाने पहिली कूस बदलली. शहरात ड्यूड म्हणजे जास्त नटलेला. माळावर ड्यूड म्हणजे कोरीकरकरीत हॅट घालून आलेला शहरी पाहुणा, ज्याला घोड्याची पुढची बाजू कोणती हे विचारावं लागतं. असे पाहुणे पूर्वेकडून लोंढ्याने येऊ लागले. ईटन बंधू हे मूळचे पिट्सबर्गचे. डाकोटात त्यांनी गुरांचा वाडा घातला, आणि ओळखीपाळखीचे लोक तिथे येऊन महिना-महिना मुक्काम ठोकू लागले. आपल्याकडे कोकणात घर असलेल्या कोणालाही ही व्यथा समजेल. फरक एवढाच, की एका पाहुण्याने खजील होऊन राहण्या-जेवण्याचे पैसे देऊ केले. कोकणात ही वेळ अजून आली नसावी. ईटनांनी पैसे घेतले, आणि ‘ड्यूड रँच’ नावाचा धंदा उभा राहिला. १८८६-८७च्या हिवाळ्यात माळावरची गुरं हजारोंनी थिजून मेली तेव्हा तर इतरांचेही डोळे उघडले. हिवाळा काढायला गुरांपेक्षा ड्यूड बरे, अशी म्हणच पडली. कारण ड्यूड हिवाळ्यात आपापल्या घरी जातात आणि स्वतःचं स्वतः खातात. ईटन मंडळींनी १९०४ मध्ये वायोमिंगला बस्तान हलवलं, ते आजही तिथे पाहुण्यांना घोड्यावर बसवतात. १९२६ साली या धंद्यातल्या लोकांची रीतसर संघटनाही झाली. थट्टेचा शब्द आता पावतीपुस्तकावर छापला जाऊ लागला होता.

मधला प्रवास मी झटपट उरकतो, कारण त्यात शब्द नुसता हातोहात फिरला. १९३०-४०च्या दशकांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन-अमेरिकन तरुण, ढगळ कोट आणि घोट्याशी आवळलेल्या विजारी घालून मिरवणारे, एकमेकांना ड्यूड म्हणू लागले. नटण्याची टर उडवणारा शब्द नटणाऱ्यांनीच उचलला, आणि त्यातला डंख गेला. मग तो हिप्पींकडे आला. १९६९च्या ‘ईझी रायडर’मध्ये जॅक निकल्सनने रंगवलेल्या वकिलाला ड्यूड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं, म्हणजे तोवर साध्यासुध्या अमेरिकन पांढरपेशाला तो परकाच होता. मग कॅलिफोर्नियात लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या पोरांनी त्याला समुद्रात नेलं. १९८२च्या ‘फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमाँट हाय’मधला शॉन पेनचा स्पिकोली त्यांचाच प्रतिनिधी, जो भर वर्गात पिझ्झा मागवतो. त्यानंतर ड्यूड म्हणणं थांबवणं कोणाच्याच हातात राहिलं नाही. २००३च्या ‘फाइंडिंग नीमो’त तर दीडशे वर्षांचं कासव ड्यूड म्हणतं. कासवाचं वय धरलं तर ते शब्दापेक्षा मोठं आहे, तेव्हा त्याला आपण अडवणारे कोण?

पण या शब्दाचा खरा राज्याभिषेक झाला १९९८ मध्ये, कोएन बंधूंच्या ‘द बिग लबाउस्की’ या चित्रपटात. जेफ ब्रिजेसने केलेला नायक स्वतःचं आडनाव लावत नाही. आपल्याला ‘द ड्यूड’च म्हणावं असा त्याचा आग्रह आहे. तो पहिल्यांदा दिसतो तो सुपरमार्केटमध्ये. अंगात आंघोळीनंतर घालायचा गाउन, खाली अर्धी चड्डी, पायात सपाता, रात्रीचा काळा चश्मा. दुधाचा खोका काढतो, उघडून हुंगतो, चाखून बघतो, मिशीला पांढरी रेघ तशीच ठेवून काउंटरवर येतो आणि एकोणसत्तर सेंटचा चेक फाडतो.

आता बेरी वॉलला त्या रांगेत त्याच्या मागे उभा करा. तो ड्यूडांचा राजा, चाळीस पोशाखांचा धनी, टाय लावलेला कुत्रा बगलेत. आणि पुढे हा, गाउनची नाडी लोंबतेय तो ड्यूड. शंभरएक वर्षांत या शब्दाने एकेक कपडा उतरवत आणला तो इथपर्यंत. याच्यापुढे उतरवण्यासारखं काही शिल्लक नाही. या नायकाचे भक्त इतके वाढले की २००५ मध्ये ‘ड्यूडइझम’ नावाचा एक धर्मच निघाला. कसल्याही गोष्टीचं टेन्शन घ्यायचं नाही, हे त्याचं मुख्य तत्त्व. हे तत्त्व पाळणारे आपल्याकडेही काही कार्यालयांत आहेत, पण त्यांनी धर्मांतर केल्याचं ऐकिवात नाही.

शब्दाचा अर्थ असा पुसून गुळगुळीत झाल्यावर उरतो तो नुसता सूर. पिट्सबर्ग विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ स्कॉट किसलिंग यांनी २००४ साली या एका शब्दावर आख्खा निबंध लिहिला. विद्यार्थ्यांना सांगितलं, कानावर पडणारे ‘ड्यूड’ टिपून आणा: कोण म्हणालं, कोणाला, कसं. निष्कर्ष असा की या शब्दात सलगी आहे पण बेताची. मी तुझ्या बाजूचा आहे, पण गळ्यात पडत नाही, असं एका फटक्यात सांगायची सोय. पोरांना एकमेकांविषयी आपुलकी दाखवायची असते आणि ती दिसूही द्यायची नसते. दोन्ही कामं ड्यूड करतो.

याचं प्रात्यक्षिक मी न्यू जर्सीत बहिणीच्या स्वयंपाकघरात पाहिलं. भाचा वाटीत सिरियल ओतत होता, फोन कानाशी. आधी म्हणाला, ‘ड्यूड.’ सपाट. म्हणजे बोल, ऐकतोय. मग थोड्या वेळाने आवाज उंच गेला, मधला स्वर च्युइंगगमसारखा ताणला: ‘ड्यूऽऽऽड!’ मी समजलो, पलीकडच्याचं काहीतरी भलं झालेलं आहे. चमचा वाटीत थांबला. ‘ड्यूड?’ हा प्रश्न. म्हणजे भलं झालेलं आहे पण पुढे एक ‘पण’ आहे. मग ‘ड्यूड, ड्यूड, ड्यूड,’ एका दमात, हात हवेत आडवा: थांब, आधी शांत हो. मग बराच वेळ शांतता. सिरियल भिजून लगदा झालं. आणि शेवटी, मान हलवत, मयताला गेल्यावर काढतात तशा आवाजात, ‘ड्यूड...’

फोन ठेवल्यावर मी विचारलं, ‘मित्राला नोकरी लागली, त्याने गाडी घेतली आणि ती कोणीतरी ठोकली ना?’

भाचा माझ्याकडे बघतच राहिला. ‘मामा, तुम्हाला कोणी सांगितलं?’

मला फक्त गाडीचा रंग कळला नव्हता.

किसलिंग यांच्या निबंधातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट बायकांविषयी आहे. ‘ड्यूड’ आता मुलीही म्हणतात. एकमेकींना तर सर्रास. पण मुलगी मुलाला ड्यूड म्हणते ती बहुतेक निव्वळ मैत्रीत. जिथे तशी काही भानगड असते तिथे हा शब्द ओठांवर येत नाही. तिकडच्या होतकरू तरुणांनी हा निबंध वेळीच वाचला असता तर कित्येक डिनरचे पैसे वाचले असते. आपल्या कॉलेजांत राखीपौर्णिमेला काही मुलं मनगट खिशात घालून हिंडतात. अमेरिकन मुलाला ती सोय नाही. तिथे बाराही महिने, भर रस्त्यात, एका शब्दात राखी बांधली जाते. ‘थँक्स, ड्यूड’ म्हटलं, की समजायचं, विषय संपला.

कोणाला ड्यूड म्हणू नये याचेही नियम आहेत, ते कुठे लिहिलेले नाहीत पण सगळ्यांना ठाऊक आहेत. वेगमर्यादा मोडल्याबद्दल पावती फाडणाऱ्या पोलिसाला नाही. न्यायाधीशाला तर नाहीच. बॉसला म्हणायचं की नाही हे कंपनीवर अवलंबून. जिथे सीईओ टी-शर्ट घालतो तिथे चालतं, आणि कामावरून काढतानाही मग तो तितक्याच सलगीने काढतो.

आपण मराठी लोक या शब्दाकडे बघून नाक मुरडतो, ते मला तितकंसं पटत नाही. ‘काय राव!’ हे काय आहे? राव म्हणजे राजा. बाजीराव, माधवराव, मल्हारराव यांच्या नावामागे अदबीने उभा राहणारा शब्द आज ‘दोन कटिंग सांग ना राव’ म्हणत टपरीवर उभा आहे. सूरही तेवढेच: ‘काय राव’ ही तक्रार, ‘काय रावऽ’ हे कौतुक, ‘जाऊ द्या ना राव’ ही तडजोड, आणि ‘असं नका करू राव’ ही शरणागती, ती पुण्यात रिक्षावाल्यासमोर विशेष ऐकू येते. मुलीसुद्धा मैत्रिणीला ‘चल ना राव’ म्हणतात. एकमेकींना ‘अगं’ सोडून ‘अरे’ म्हणायला तर त्यांनी केव्हाच सुरुवात केली, आणि घरोघरच्या आज्यांनी त्यावर हाय खाल्ली. वांद्र्याच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत तर ‘व्हॉट, मॅन’ म्हणून म्हातारी बाई म्हातारीशीच भांडते, आणि त्यात कोणालाही काही वावगं दिसत नाही.

माझ्या बहिणीला मात्र दिसतं. ‘घरात ड्यूड चालायचं नाही,’ असा तिने वटहुकूम काढलेला आहे. ती रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत शिकवते. घरचीच पोरं ड्यूड ड्यूड करू लागली तर तिथे तोंड कसं दाखवायचं, असा तिचा सवाल. भाच्याने सुरुवातीला बंड केलं, मग ‘आई’ऐवजी ‘मातोश्री’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा दोन्ही बाजूंनी तह झाला. जिन्याच्या वरच्या बाजूला ड्यूड, खालच्या बाजूला मराठी.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी ती चहा टाकत होती. एका बर्नरवर आधण, दुसऱ्यावर दूध. शाळेतल्या ‘ळ’च्या उच्चाराविषयी ती मला काहीतरी पोटतिडकीने सांगत होती, पाठ गॅसकडे. दूध भांड्याच्या काठाशी आलं, क्षणभर थबकलं, आणि मी ‘अगं’ म्हणेपर्यंत ती गर्रकन वळून किंचाळली,

‘ड्यूड!’

दुधाने ऐकलं नाही. ते उतू जाऊन सगळ्या शेगडीवर पसरलं. वरून भाच्याचा आवाज आला, ‘येस?’

‘तुला नाही,’ फडकं शोधत बहीण ओरडली, ‘दूध म्हटलं मी, दूध!’